बेरजेत न बसणारा हात

पडद्यावर दोनच शब्द उमटले : ‘हेतू अस्पष्ट’.

सारिका चौगुले त्या शब्दांकडे बघत राहिली. तिच्या हातांत पॅड होतं, समोर जाड काच होती, आणि काचेपलीकडे तीस पावलांवर, ओतकामाच्या शेडमध्ये, तिच्या क्रेनला टांगलेलं लेडल, रस ओतायचं अवाढव्य भांडं, अर्ध्यातच कलून थांबलं होतं. चाचणी असल्यामुळे त्यात लोखंडाचा रस नव्हता, वाळू होती. ती वाळू साच्याच्या तोंडात न पडता काठावर सांडली होती.

“आणखी एकदा घेऊ,” सुपरवायझर नेर्लेकर म्हणाले.

तिसऱ्यांदाही तेच झालं. मग छपाई यंत्रातून एक कागद बाहेर आला. नेर्लेकरांनी तो वाचला, घडी घातली आणि तिच्यासमोर न धरता टेबलावर ठेवला.

“चौगुलेताई, उजवा हात अपात्र आलाय. सोमवारपासून तुम्हाला तपासणी विभागात घेतोय. तिथं घाई नाही, ताण नाही.”

“साहेब, एकोणीस वर्षं ओततेय मी. माझा हेतू काय असतो ते मला ठाऊक आहे.”

“तुम्हाला ठाऊक असून भागत नाही. तो मशीनला कळायला लागतो.”

“मग मशीनची चाचणी घ्या,” सारिका म्हणाली आणि पॅड खाली ठेवून बाहेर पडली. त्या कागदावर तिनं सही केली नाही.

ही गोष्ट २०४३ सालची, कोल्हापूरजवळच्या एका फौंड्रीतली. सारिका तिथं कामाला लागली तेव्हा क्रेनवाला छपराखालच्या केबिनमध्ये बसायचा. खाली भट्टी, अंगावर ओला टॉवेल, आणि हाताशी तेलकट दांडे. त्या केबिनमध्ये बसणारी ती पहिली बाई. पुढे केबिन गेल्या आणि काचेची थंड खोली आली. दांड्यांच्या जागी पॅड आलं. मुलं खेळायला वापरतात तसंच, फक्त जरा दणकट. पॅड कलवलं की लेडल कलायचं. बोटाखालचा घोडा दाबला की लेडल वर उचललं जायचं. जितका दाब, तितका वेग. पॅडच्या पोटात जायरो होता, तो हात किती कलला आणि किती झटक्यानं वळला ते मोजायचा. घोड्याखाली दाब मोजणारी बारीक पट्टी होती. मनगटातून आणि बोटांतून निघालेले हे आकडे आधी संगणकाकडे जायचे आणि तिथून क्रेनकडे.

सगळी गोम त्या मधल्या संगणकात होती. त्यात ‘समतोल’ नावाची प्रणाली बसवलेली होती. कोणत्या हालचालीचा अर्थ काय लावायचा, कुठला दाब ऐकायचा आणि कुठला सोडून द्यायचा, याची एक मांडणी त्यात पक्की केलेली होती, आणि ती सगळ्या चालकांना सारखीच होती. ती बदलायची नाही, असंच सगळ्यांना सांगितलेलं होतं. समतोल हाताची थरथर गाळून टाकायचा. तरुण, धडधाकट हाताला त्याचा फायदाच व्हायचा.

सारिकाचा हात दीड वर्षापासून थरथरत होता. शहरातल्या मेंदूच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि जीवाला धोका नाही म्हणाले. चहाचा कप तिनं दोन्ही हातांनी धरायला सुरुवात केली. पण ओतताना तिला कधी अडचण वाटली नव्हती. अडचण समतोलला होती. थरथरीबरोबर तो तिच्या हातातलं कसबही गाळत होता.

*

घरी ती एकटीच राहायची. आई गेली तेव्हा धाकटी वैदेही सहा वर्षांची होती आणि सारिका सतरा. वैदेहीला तिनंच वाढवलं. आता वैदेही पुण्यात होती, समतोल बनवणाऱ्याच कंपनीत. एवढंच नाही, तर ती प्रमाणक अभियंता होती. तिच्या सहीशिवाय कुठल्याही फौंड्रीत ओतकामाचं पॅड चालू होत नसे. सारिकाला याचा अभिमान होता. चाचणीचा निकाल तिनं वैदेहीला कळवला नाही. बहिणीच्या ओळखीनं खुर्ची परत मिळवली असं कुणी म्हणायला नको होतं.

त्या रविवारी सकाळी तिनं कपाटातून खेळायचं जुनं पॅड काढलं, संगणकाला जोडलं आणि खेळाडू लोक वापरतात तसला एक फुकटचा प्रोग्राम उतरवून घेतला. कुठलं बटण कुठल्या कामाला लावायचं, हात किती हलला म्हणजे किती मानायचा, हे सगळं त्यात आपल्या मनासारखं बदलता यायचं. एका कोपऱ्यात पॅडकडून येणारे आकडे रेघांच्या रूपात सरकत होते. जायरोच्या तीन रेघा, दाबाच्या दोन.

तिनं पॅड हवेत धरलं. जायरोच्या रेघा पिसाळल्या. सेकंदाला सहा हेलकावे, तिनं मोजले. आपल्या हाताचं हे चित्र ती पहिल्यांदाच बघत होती आणि क्षणभर तिला पॅड खाली टाकावंसं वाटलं. पण ती बघत राहिली. मग तिनं मनातल्या मनात लेडल ओतायला घेतलं : आधी बेताची धार, मग एकदम भरगच्च, मग झटक्यात बंद. त्या पिसाळलेल्या रेघेच्या पोटातून दुसरी एक संथ रेघ वर चढली आणि खाली उतरली. तिचा हात तिथंच होता. थरथरीवर स्वार होऊन तो आपलं काम करत होता.

मग समतोलला तो का दिसत नव्हता? ते समजायला तिला चार दिवस लागले. एखादा हेलकावा थरथर आहे की मुद्दाम केलेली हालचाल, हे ठरवायचं तर प्रणालीला थोडं थांबून पुढे काय होतं ते बघावं लागतं. थरथर जितकी जास्त, तितकं थांबणं जास्त. तिच्या बाबतीत समतोल सेकंदाचा पाचवा हिस्सा थांबत होता. वाचायला हे काहीच नाही. पण वितळलेलं लोखंड ओतताना डोळा धारेवर असतो आणि हात डोळ्यामागून जातो. मध्ये पाचवा हिस्सा सेकंद गेला की हात धार सावरायला जातो तेव्हा धार पुढे गेलेली असते. मग हात आणखी जोर करतो, आणि समतोल गोंधळून म्हणतो, हेतू अस्पष्ट.

पाचव्या दिवशी योगायोगानं एक गोष्ट लक्षात आली. पॅड टेबलावर टेकवून ती अंगठ्यानं नुसतं बटण दाबत होती. दाबाची रेघ जवळजवळ सरळ होती. हात हवेत असला की थरथरायचा. कशावर तरी रेटून धरला की निवायचा.

तिनं पॅड लाकडी ठोकळ्यावर रबरी पट्ट्यानं बांधून टाकलं. लेडल कलवण्याचं काम हालचालीकडून काढून अंगठ्याच्या दाबाला दिलं. मूळ मांडणीत पूर्ण वेगासाठी तीन किलोचा दाब लागायचा. तिनं तो नऊशे ग्रॅमवर आणला. सुरुवातीच्या हलक्या दाबाला रेघ लांबच लांब पसरवली, म्हणजे बारीक धार सोडताना अंगठ्याला भरपूर जागा मिळेल, आणि शेवटाला चढ एकदम उभा केला. दाबाच्या तळाशी एक ‘बहिरा पट्टा’ असतो, त्यातला दाब पॅड ऐकतच नाही. तो तिनं जवळजवळ पुसून टाकला. लेडल वर-खाली करण्यासाठी दुसऱ्या जुन्या पॅडमधला जायरो काढून डाव्या बुटावर बांधला. टाच टेकवून पाऊल उचललं की लेडल वर. दोन पॅडांचं मिळून संगणकाला एकच पॅड दिसत होतं.

तीन आठवडे ती घरच्या संगणकावर, सरावाच्या आभासी फौंड्रीत, रोज दुपारी शंभर साचे भरत होती. पहिल्या दिवशी चाळीस वाया गेले, विसाव्या दिवशी एक.

*

या तीन आठवड्यांत ती तपासणी विभागात गेली नाही. रोज सकाळी सातला कामावर हजर व्हायची, हजेरी लावायची आणि काचेच्या खोलीबाहेर एक स्टूल घेऊन बसायची. तीन वाजता घरी. नेर्लेकरांनी दोनदा समजावलं, एकदा नोटीस दिली. नोटिशीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिनं अर्ज लिहिला : मला माझ्या मांडणीवर चाचणी द्यायची आहे.

“असं चालत नाही,” नेर्लेकर म्हणाले. “मांडणी एकच. ती पुण्याच्या कंपनीनं सहीशिक्क्यानं दिलेली.”

“नियमावलीत कुठं लिहिलंय, एकच म्हणून?”

नेर्लेकर वाईट माणूस नव्हते. त्यांच्या वडिलांचा पाय याच शेडमध्ये सांडलेल्या रसानं गेला होता, आणि काचेची खोली आली त्या दिवशी त्यांनी पेढे वाटले होते. नियमाला हात लावायचा म्हटलं की त्यांना तो पाय दिसायचा. तरीही त्यांनी नियमावली उघडली. चालकाच्या मांडणीची चाचणी प्रमाणक अभियंत्यासमोर व्हावी, एवढंच तिच्यात होतं. कुणाची मांडणी, कोणती मांडणी, याबद्दल अवाक्षर नव्हतं.

“पुण्याला लिहितो,” ते म्हणाले. “ते काय म्हणतील ते म्हणतील.”

पुण्याहून वैदेही आली.

फौंड्रीच्या फाटकातून हातात बॅग घेऊन येणाऱ्या बहिणीला सारिकानं स्टुलावरूनच पाहिलं. वैदेहीचा चेहरा लाल झाला होता.

“ताई, हे मला कागदावर कळावं? तुझा हात असा झालाय हे?”

“तू कामाला आलीयास. आधी काम कर.”

चाचणी वाळूवर झाली, मग खऱ्या रसावर. साचा पवनचक्कीच्या गिअरपेटीच्या कवचाचा होता, त्या शेडमधला सगळ्यात नाजूक. धार सुरुवातीला जपून सोडायची. मग साचा भरेपर्यंत ती मध्ये तुटता कामा नये. तुटली तर आधीचा रस गार होतो, नवा त्याला नीट मिसळत नाही आणि पोटात सांधा राहतो. बाहेरून दिसत नाही, पण दोन वर्षांनी कवच तिथंच तडकतं.

सारिकानं ठोकळा टेबलावर ठेवला, बुटाचा पट्टा आवळला, अंगठा टेकवला. काचेपलीकडे लेडल कललं. पिवळीपांढरी धार साच्याच्या तोंडात उतरली. सुरुवातीला सुतासारखी, मग मनगटाएवढी जाड. काठावर एक थेंब उडाला नाही. साचा भरल्याची खूण झाली तशी धार कापल्यासारखी थांबली.

खोलीतले बाकीचे चालक आपापली पॅडं विसरून बघत होते. त्यांच्यातले सर्वांत ज्येष्ठ बाबा जमादार आपल्या बधिर बोटांची मूठ उघडत-मिटत होते. तीस वर्षं कंप पावणारी हत्यारं धरून त्यांच्या बोटांची टोकं मेल्यासारखी झाली होती, आणि पुढच्या महिन्यात त्यांचीही चाचणी होती.

वैदेहीनं आकडे पाहिले. मग पुन्हा पाहिले.

“विलंबच नाहीये,” ती हळूच म्हणाली. “आमच्यापेक्षा चांगलं आहे हे.”

*

आठ दिवसांनी वैदेही पुन्हा आली, या वेळी थेट घरी. तिच्याकडे कंपनीचं पत्र होतं. सारिकाची मांडणी प्रमाणित करू, खुर्ची परत देऊ, पुढच्या प्रशिक्षण पुस्तिकेत नाव छापू. खाली सहीसाठी रेघ होती.

सारिकानं चहा टाकला आणि पत्र शेवटपर्यंत वाचलं. चौथ्या कलमावर ती थांबली.

“चौदा महिने माझ्या प्रत्येक ओतण्याची नोंद ठेवणार. कशाला?”

“सुरक्षेसाठी. सगळ्यांचीच ठेवतात.”

“वैदू, तू लहान असताना खोटं बोललीस की भांड्यांकडं बघायचीस. आता पण तिकडंच बघाय लागलीस.”

वैदेहीनं भांड्यांवरची नजर काढली. तिनं कपाच्या कानात बोट अडकवलं.

“समतोल शिकतोय, ताई. पहिल्या दिवसापासून. डोळ्याला काय दिसलं आणि हातानं काय केलं, याच्या लाखो जोड्या त्याला लागतात. पुरेशा झाल्या की त्याला हाताची गरज नाही. तो स्वतः ओतेल.”

“कधी?”

“आमचा हिशेब चौदा महिन्यांचा आहे.”

वैदेही पुढे बोलत गेली, जणू एकदा सुरू झाल्यावर तिला थांबता येत नव्हतं.

“म्हणूनच मांडणी सगळ्यांना एक. तू अंगठ्यानं कलवणार, दुसरा मनगटानं कलवणार, तिसरा पायानं. मग मशीननं काय शिकायचं? प्रत्येकाच्या आकड्यांचा अर्थ वेगळा. सगळे हात एका भाषेत बोलले तरच त्यांची बेरीज करता येते.”

“आणि माझा हात?”

“तो बेरजेत बसत नव्हता.”

“म्हणून अपात्र.”

“हो.” वैदेही म्हणाली. “आता त्यांना तुझी मांडणी हवीय, कारण विलंब न ठेवता नाजूक साचे कसे भरायचे ते तिच्यात दिसतं. सगळ्यांना ती देतील. तुझ्या मांडणीवर सगळे ओततील आणि मशीन आणखी लवकर शिकेल.”

गॅसवर उतू आलेलं दूध सारिकानं उतरवलं.

“तुला हे केव्हापासून ठाऊक होतं?”

“दोन वर्षं.”

“सत्तावीस माणसं बसतात त्या खोलीत. बाबा जमादारांनी मला पहिलं लेडल धरायला शिकवलं. तू त्यांच्या घरी ईदला जेवायला जायचीस.”

“ताई, मी एकटी काय करणार होते? आणि यात वाईटच आहे असंही नाही. माणूस रसापासून लांब गेला तर बरंच की.”

“लांब जायला मी तयार आहे. पण मला न विचारता माझा हात काढून घ्यायचा, आणि वर मलाच म्हणायचं की तुझा हात वाईट आहे म्हणून, हे मी करू द्यायची नाही.” तिनं पत्राची घडी घालून वैदेहीच्या बॅगेत ठेवली. “सही नाही. सांग जा.”

*

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत सारिकानं कँटीनच्या लांब टेबलावर आपला संगणक मांडला आणि बाकीच्या सव्वीसही जणांना सगळं सांगितलं. कंपनी काय करतेय ते, मांडणी एक का ठेवलीय ते. काहींनी शिव्या दिल्या.

“मग काय, संप?” एकानं विचारलं.

“संप कशाला? आपण कामच करायचं. फक्त ज्यानं त्यानं आपल्या हातानं.”

“म्हणजे?”

“मी तुम्हाला माझी मांडणी देणार नाही. ती माझ्या हाताची आहे. तुमची तुम्ही करायची, मी शिकवते. सत्तावीस हात, सत्तावीस मांडण्या. करू देत त्यांना बेरीज.”

बाबा जमादार पहिले पुढे आले. “पोरी, माझ्या बोटांस्नी दाब कळतच न्हाई. घोडा किती दाबला ते मला डोळ्यानं बघाय लागतंय.”

“मग बोटं सोडून देऊ, बाबा. मनगट चालतंय का?”

“मनगट अजून कुस्ती खेळंल.”

त्यांच्या मांडणीत दाबाला जागाच नव्हती. सगळं मनगटाच्या वळणावर बसवलं. दुसऱ्या एकीचे हात लहान होते, पॅडवर तिची बोटं पुरायची नाहीत. तिनं ते उभं धरून बाटलीसारखं ओतायला घेतलं. एका डावखुऱ्यानं सगळंच उलटं केलं आणि इतकी वर्षं आपण काय भोगत होतो ते आत्ता कळलं म्हणाला. दोन महिने हे चाललं, आणि तोवर सारिका खोलीबाहेरच्या स्टुलावरच होती. रोज दुपारी अर्धा तास, रविवारी सकाळी. सारिकानं कुणालाच तयार उत्तर दिलं नाही. ती फक्त रेघा दाखवायची आणि विचारायची, यातली तुमची कुठली?

उरला प्रश्न प्रमाणकाचा. सारिकानं वैदेहीला फोन केला.

“नियमानं चाचणी घ्यायची आहे. माझ्यासकट सत्तावीस जणांची. येशील?”

“तू मला कुठं उभं करतेस ते कळतंय का तुला?” वैदेही चिडून म्हणाली. “ज्यांचा पगार खाते त्यांच्याच विरुद्ध सही करू?”

“विरुद्ध म्हटलं का मी? जो पास होईल त्याला पास कर. जो नापास होईल त्याला नापास कर. तुझं काम एवढंच आहे ना?”

वैदेहीनं फोन ठेवला. पंधरा दिवस तिचा काही निरोप आला नाही. सारिकानंही पुन्हा विचारलं नाही.

सोळाव्या दिवशी वैदेही आली. कंपनीला तिनं आदल्या सायंकाळी कळवलं होतं आणि सकाळी त्यांचा फोन यायच्या आत ती फौंड्रीत पोचली होती. ती बहिणीशी फारसं बोलली नाही. तीन दिवस तिनं एकेकाची चाचणी घेतली, वाळूवर आणि रसावर, आणि ती कुणालाही सवलत देत नव्हती. एकोणीस जण उतरले. आठ नापास झाले. बाबा जमादार त्या आठांत होते. त्यांनी धार सेकंदभर उशिरा तोडली होती.

“बाबांना सोडायचं होतंस,” सारिका म्हणाली.

“मग माझ्या बाकीच्या सह्या कोण मानेल?”

सारिकानं बहिणीकडे नीट पाहिलं आणि मान डोलावली. बाबांना स्वतःला काही वाटलं नव्हतं. “पुढल्या खेपंला,” एवढंच ते म्हणाले आणि सरावाला बसले.

*

सोमवारी सकाळी सातला एकोणीस चालक आपापल्या मांडण्या घालून खुर्च्यांवर बसले; उरलेले आठ सरावालाच बसले. पहिली भट्टी तयार होती. लेडल भरलं गेलं, आणि तेवढ्यात नेर्लेकर फोन कानाला लावून आत आले.

“थांबा सगळे. पुण्याहून आदेश आहे. मूळ मांडणी घाला, लगेच. अशानं समतोलला एकाही हाताची नोंद लागणार नाही म्हणतात.”

“लागणारच नाही,” सारिका म्हणाली. “आमच्या मांडण्यांवर प्रमाणकाच्या सह्या आहेत, साहेब.”

“ती सही ते तपासणार आहेत.”

“तपासू द्या. तोवर ती सहीच आहे.”

नेर्लेकरांनी फोन खाली धरला. काचेपलीकडे लेडल धगधगत होतं. “चौगुलेताई, माझी नोकरी आहे ही. कुणाला काही झालं तर मी काय उत्तर देऊ? माझ्या बापाचा पाय—”

“तुमच्या वडिलांचा पाय गेला तेव्हा ओतणाऱ्याचा हात चांगला होता की वाईट?”

“चांगला होता,” ते म्हणाले. “क्रेन ऐकत नव्हती.”

“आमची ऐकते. तुम्ही स्वतः चाचण्या बघितल्यात.” तिनं पडद्यावरच्या तापमानाकडे बोट केलं. “रस गार व्हायला लागलाय. सात मिनिटं आहेत. तुम्ही फोनवर बोला, आम्ही ओततो.”

फोनमधून कुणीतरी जोरानं बोलत होतं, ते सगळ्यांना ऐकू येत होतं. नेर्लेकरांनी एकदा लेडलकडे पाहिलं, एकदा तिच्या ठोकळ्यावर टेकलेल्या अंगठ्याकडे. मग ते फोन घेऊन बाहेर गेले आणि काचेचं दार त्यांनी आपल्यामागे लावून घेतलं.

सारिकानं अंगठा दाबला.

त्या दिवशी त्यांनी चव्वेचाळीस साचे भरले. दोन वाया गेले, नेहमीइतकेच.

पुढे जे झालं ते एका दिवसात झालं नाही. वैदेहीला कामावरून काढलं. तिच्या सह्यांची चौकशी चार महिने चालली आणि नापास झालेल्या आठ जणांमुळेच त्या टिकल्या. पैशासाठी किंवा नात्यासाठी सही करणारा माणूस कुणाला नापास करत नाही, असं चौकशी अधिकाऱ्यानं लिहिलं. दरम्यान कोल्हापूरजवळच्याच शिरोली वसाहतीतल्या आणखी सहा फौंड्र्यांतले चालक कँटीनच्या टेबलांवर रेघा बघायला बसले होते. वैदेही आता स्वतंत्र प्रमाणक म्हणून त्यांच्या चाचण्या घेत फिरते. दोघी बहिणींमध्ये त्या दोन वर्षांबद्दल अजून पुरतं बोलणं झालेलं नाही. रविवारी वैदेही जेवायला येते, भांडी घासायला मदत करते. बाबा जमादार तिसऱ्या खेपेला पास झाले.

सारिकाचा हात आणखी बिघडला. अंगठाही आता पहिल्यासारखा निवत नाही. मांडणी तिनं अकरा वेळा बदलली. सध्या ती कोपरानं कलवते.

परवा सकाळी तिला एक फोन आला. पुण्याहून, समतोलच्या कंपनीतून. कुणी नवा मुलगा होता, अदबीनं बोलत होता. तुमच्या फौंड्रीच्या नोंदींतून आम्हाला काहीच अर्थ लागत नाही म्हणाला; विशेषतः तुमच्या फाइलमधली चौथी रेघ, ती नेमकी कशाची आहे तेवढं सांगाल का?

सारिका तेव्हा बुटाचा पट्टा आवळत होती.

“माझी आहे ती,” ती म्हणाली. “शिकायची असेल तर इथं या. सातला आम्ही ओततो.”

तिनं फोन टेबलावर उलटा ठेवला आणि कोपर ठोकळ्यावर टेकवलं. काचेपलीकडे पहिलं लेडल भरून आलं होतं.